प्रथिन-विलगीकरण (शालेय प्रयोग)

विद्राव्यता, विद्युतभार, आकार किंवा उष्णतेचा परिणाम यांतील फरकावरून मिश्रणातील प्रथिने वेगळी करण्याच्या पद्धती. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळांत त्या पीठ, दूध व अंडे यांवर शिकवता येतात.

गव्हाच्या पिठातून ग्लुटेन (गव्हातील चिवट प्रथिन) धुऊन काढण्याचे श्रेय इटलीतील बोलोन्याचे शास्त्रज्ञ बेक्कारी यांना देतात. काही ग्रंथ 1728 हे वर्ष मानतात, काही 1745. पहिले निवेदनाचे, दुसरे छपाईचे. शोधाचे वर्ष म्हणून 1728 अधिक योग्य वाटते. ‘प्रोटीन’ ही संज्ञा मात्र 1838 मधली (रसायनज्ञ मुल्डर यांची; नाव रसायनज्ञ बर्झेलियस यांनी सुचवलेले), म्हणून बेक्कारींनी ‘प्रथिन’ वेगळे केले हे मागाहून लावलेल्या अर्थानेच खरे. प्रयोगासाठी 100 ग्रॅम मैदा सुमारे 60 मिलि. पाण्यात घट्ट मळून अर्धा तास भिजत ठेवावा व बारीक धारेखाली पाणी निवळ येईपर्यंत चोळावा. रबरासारखा गोळा उरतो. शाळूचे (रब्बी ज्वारीचे) पीठ असे धुतल्यास गोळा उरत नाही. त्यावरून ज्वारीत प्रथिन नाही असा निष्कर्ष मुले काढतात, तो चूक आहे: प्रथिन असते, त्याचे जाळे बनत नाही.

दुधातील सुमारे 80 टक्के प्रथिन केसीन असते व ते पीएच (आम्लतेचे माप) 4.6 च्या आसपास साकळते. साय काढलेले 100 मिलि. दूध 40 अंश से. पर्यंत कोमट करून व्हिनेगर थेंबाथेंबाने घालत ढवळावे. गुठळ्या सुटून पाणी निवळले की थांबावे. गाळलेले पाणी 90 अंशांपर्यंत तापवल्यास उरलेली प्रथिने बारीक कणांच्या रूपाने दिसतात. दुसरी पायरी फसते ती बहुधा घरून आणलेले दूध आधीच उकळलेले असल्याने. उकळताना ही प्रथिने उलगडून केसीनला चिकटतात आणि पहिल्याच गुठळीत जातात. घरचे पनीर म्हणूनच निव्वळ केसीन नव्हे. गुठळी ओली तोलणे ही दुसरी चूक, कारण त्यात पाण्याचेही वजन येते. गाईच्या 100 मिलि. दुधात कोरडे केसीन जेमतेम अडीच ग्रॅमच्या आसपास असते.

प्रथिन ओळखायला बाययुरेट चाचणी: कॉस्टिक सोडा (शिक्षकांनीच हाताळावा) आणि मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) विरळ द्रावणाचे दोन-तीन थेंब, जांभळा रंग येतो. मोरचूद जास्त पडल्यास निळा रंग जांभळा झाकतो. अंड्याच्या पांढऱ्यातील ग्लोब्युलिने अमोनियम सल्फेटच्या अर्ध्या संपृक्ततेला (पाण्यात जास्तीत जास्त विरघळू शकणाऱ्या प्रमाणाच्या निम्म्याला) साकळून गाळ होतात, अल्ब्युमिन हे दुसरे प्रथिन द्रावणात राहते. पण या क्षारातून सुटणारा अमोनिया मोरचुदातील तांब्याशी गडद निळा रंग देतो, म्हणून या गाळावर बाययुरेट करू नये.