वडापावची गाडी लावायची आहे? आधी जागेचा कागद, मग खाण्याचा

"अन्नाचा परवाना काढलाय की, मग गाडी का उचलली?" अतिक्रमण विभागाच्या दारात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. परवाना खरा असतो, पण त्याने रस्त्यावरची जागा मिळत नाही. जागा देते महापालिका किंवा नगरपालिका, २०१४च्या पथविक्रेता कायद्याखाली. खाण्याची नोंदणी होते २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली. खिडक्या दोन, फायली दोन.

आधी जागेचं बघू, कारण गाडं तिथेच अडतं. पथविक्रेता कायद्यात जागेच्या परवान्याला 'विक्री प्रमाणपत्र' म्हणतात आणि त्याचा पाया आहे सर्वेक्षण. पालिकेने दर पाच वर्षांत किमान एकदा ते करायचं आणि त्यात सापडलेल्या विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत आधीपासून बसलेल्याला हटवता येत नाही, असंही कायदा म्हणतो. म्हणून पालिकेची माणसं मोजणीला येतील त्या दिवशी गाडी जागेवर आणि तुम्ही गाडीवर असायला हवं. नेमके त्याच आठवड्यात गावाला गेलेले कितीतरी जण नंतर वर्षानुवर्षं खेटे घालतात.

नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला वाट बंद नाही. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळातही अर्ज करता येतो. निर्णय नगर पथविक्रेता समितीचा. समितीचे अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी असतात, पण किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले लागतात. आपल्या भागातला प्रतिनिधी कोण, हे अर्जाआधी विचारून ठेवा. शहरात विक्रेते किती सामावायचे, याचा हिशेब लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत धरला जातो, त्यामुळे पात्र असूनही हवा तो कोपरा मिळेलच असं नाही. महिला, अपंग, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक यांना प्राधान्य आहे. रेल्वेच्या हद्दीतल्या जागेला मात्र हा कायदा लागूच नाही.

कागदांत आधार, फोटो, राहण्याचा पुरावा, बँक पासबुक ही नेहमीची मंडळी आहेतच. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रही मागतात, आणि ते तहसीलमधून यायला वेळ लागतो, तेव्हा सुरुवात त्यानेच करा. खरा जोर धरतात त्या जुन्या पावत्या. रोजची बाजार फी, गाडी उचलल्यावर भरलेला दंड, जप्तीचा कागद, सगळं जपून ठेवा. दंडाची पावती लाजून फाडून टाकणारे खूप भेटतात. पण अमुक तारखेला तुम्ही तिथेच धंदा करत होता, हे त्याच पावतीवर पालिकेच्या शिक्क्यानिशी लिहिलेलं असतं.

अर्जासोबत एक हमीपत्र असतं. सही करण्याआधी ते वाचा, कोणी वाचत नाही. त्यात तुम्ही तीन गोष्टी कबूल करता: धंदा स्वतः किंवा घरच्या माणसाकरवी करीन, पोटापाण्याचं दुसरं साधन नाही, आणि प्रमाणपत्र किंवा जागा कोणाला देणार नाही, भाड्यानेसुद्धा नाही. गाडी 'चालवायला' देऊन महिन्याला पैसे घेणारे अडकतात ते इथेच. प्रमाणपत्र रद्द करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे आणि त्यावर अपीलही करता येतं. विक्रेता वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत पती, पत्नी किंवा अवलंबून असलेलं मूल त्याच जागी बसू शकतं.

आता खाण्याचा कागद. हा तुलनेने सोपा. विक्री प्रमाणपत्र असताना वेगळी नोंदणी लागते का, ते आधी फॉस्कॉसवर, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ऑनलाइन पोर्टलवर बघा. लागत असेल तर तिथेच नमुना 'अ' हा अर्ज भरायचा, फोटो आणि ओळखपत्र जोडायचं. चौदा अंकी क्रमांक मिळतो. तो प्रमाणपत्रासकट गाडीवर दिसेल असा लावा. शुल्क आणि उलाढालीची मर्यादा बदलत असते, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर असेल तोच आकडा धरा, एजंटच्या तोंडचा नको. तपासणीला आलेला अधिकारी पाणी, झाकण, कचऱ्याचा डबा आणि हात बघतो. सिलिंडर घरगुती लाल नको. धंद्यासाठी व्यावसायिकच लागतो.

आणि पालिकेने माल उचललाच, तर भांडत बसण्याआधी यादी मागा. काय काय नेलं त्याची सही केलेली प्रत देणं पालिकेवर बंधनकारक आहे. फी भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. भाजी, पाव, चटणी नाशवंतात. कढई आणि शेगडी दुसऱ्या रकान्यात. यादीत नुसतं 'इतर साहित्य' लिहिलेलं असेल तर सही करू नका, कढई किती आणि झारे किती ते लिहूनच घ्या.