काकुरे किरिशितान

जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना (१६१४–१८७३) बाहेरून बौद्ध राहून घरात ख्रिस्ती श्रद्धा जपणाऱ्या लोकांसाठी रूढ झालेले नाव. ‘काकुरे’ म्हणजे लपलेले. ‘किरिशितान’ हा पोर्तुगीज शब्दाचा जपानी उच्चार असून मराठी-कोकणीतला ‘किरिस्ताव’ त्याच मुळातून आला आहे. या लोकांची वस्ती मुख्यतः क्यूशू बेटाच्या पश्चिमेस, नागासाकीजवळचे उराकामी, सोतोमेचा किनारा, गोतो बेटे, इकित्सुकी, हिरादो आणि आमाकुसा येथे होती.

संज्ञेबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. बंदीच्या काळातल्यांना ‘सेन्पुकु किरिशितान’ (दडून राहिलेले) म्हणावे आणि बंदी उठल्यावरही चर्चमध्ये न जाता पूर्वजांची रीत चालवणाऱ्यांपुरतेच ‘काकुरे’ हे नाव राखावे, असा प्रघात अलीकडे पडला आहे. मियाझाकी केंतारो यांच्या मते हा दुसरा गट लपलेलाही नव्हता आणि काटेकोर अर्थाने ख्रिस्तीही उरला नव्हता. पूर्वजपूजेत मुरलेली ती एक लोकश्रद्धा होती. इकित्सुकीत दीर्घकाळ काम केलेले नाकाझोनो शिगेओ यांना हे मान्य नाही. तिथल्या घरांत बुद्ध, शिंतो देव आणि ख्रिस्ती उपासना एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी चालत आल्या आणि ख्रिस्ती भाग सोळाव्या शतकातल्या रूपात बराचसा टिकला, असे ते दाखवतात. प्रार्थनांची भाषा पाहता हे दुसरे मत अधिक पटते. सोयीसाठी या नोंदीत दोन्ही काळांना एकच नाव वापरले आहे.

जपानात हा धर्म गोव्यामार्गे गेला. आंजिरो या जपान्याचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यात झाला आणि त्याला सोबत घेऊन फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरला. पुढच्या चाळीस वर्षांत काही सरदारही ख्रिस्ती झाले. १५८७ मध्ये जपानचा तत्कालीन सत्ताधीश हिदेयोशी याने धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत वसईत १५५६ च्या सुमारास जन्मलेला फ्रान्सिस्कन ब्रदर गोन्सालो गार्सिया होता. त्याचे वडील पोर्तुगीज आणि आई कोकणातली, असे बहुतेक चरित्रकार मानतात. जपानी उत्तम येत असल्याने तो धर्मगुरूंचा दुभाषा होता. वसईतल्या गास गावचे चर्च त्याच्या नावे आहे. १८६२ मध्ये या २६ जणांना संतपद मिळाले.

तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये देशभर बंदी घातली. १६३७–३८ च्या शिमाबारा उठावानंतर (बहुतांशी ख्रिस्ती शेतकऱ्यांचे बंड) पाळत आणखी कडक झाली. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे, पाच-पाच घरे एकमेकांना जामीन असत आणि धर्मगुरू पकडून देणाऱ्याला चांदीच्या रूपात इनाम मिळे. ज्ञात असलेला शेवटचा धर्मगुरू, मान्स्यो कोनिशी, १६४४ मध्ये मारला गेला. यानंतर २०० हून अधिक वर्षे मिस्सा (धर्मगुरूने चालवायची सामुदायिक उपासना) नाही, पापकबुली ऐकणारा कोणी नाही. राहिला तो फक्त बाप्तिस्मा, कारण गरज पडल्यास तो सामान्य माणसालाही देता येतो.

संशयितांना ख्रिस्त किंवा मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावण्याची पद्धत या काळाची खूण झाली आहे. प्रतिमेला ‘फुमि-ए’ आणि कृतीला ‘ए-फुमी’ म्हणतात. लेखनात या दोन संज्ञांची अनेकदा गल्लत होते. पद्धत केव्हा सुरू झाली याबद्दल १६२६ ते १६२९ पर्यंतची वर्षे दिली जातात. कोणी तिचे जनकत्व नागासाकीचा दंडाधिकारी मिझुनो कावाची याला देतात, कोणी त्याच्यानंतर आलेल्या ताकेनाका उनेमेला. दोघांच्या कारकिर्दीच्या सांध्यावरचे १६२८–२९ हे वर्ष धरणे सुरक्षित. प्रथम कागदी चित्रे वापरत. ती फाटू लागल्यावर ख्रिस्ती घरांतून जप्त केलेली धातूची उठावचित्रे लाकडी फळीत बसवली गेली आणि १६६९ मध्ये पितळेच्या २० नव्या प्रतिमा ओतवल्या. नागासाकीत हा विधी नववर्षाच्या पहिल्या महिन्यात घरोघर होई आणि तो १८५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालला. उरलेल्या प्रतिमांवरचे चेहरे आज पायांनी झिजून गुळगुळीत झालेले दिसतात.

ज्यांनी पाय ठेवायला नकार दिला त्यांची नोंद हुतात्म्यांच्या यादीत आहे. ज्यांनी ठेवला आणि घरी येऊन पुन्हा गुडघे टेकले, त्यांच्याकडे मात्र जुन्या कोशांनी फारसे लक्ष दिलेले नाही. धर्म पुढच्या पिढीच्या हाती पोचला तो या दुसऱ्या लोकांमुळे, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. त्यांचा आधार ‘कोन्चिरिसान’ हा होता. पोर्तुगीजमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर देवाच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप. धर्मगुरू जवळ नसला तरी असा पश्चात्ताप आणि संधी मिळताच पापकबुली देण्याचा निश्चय केल्यास क्षमा मिळते, हे सांगणारी छोटी पुस्तिका १६०३ मध्ये निघाली होती. तिच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिल्या. सकाळी प्रतिमेवर पाय ठेवणारा माणूस रात्री ही प्रार्थना म्हणे. दरवर्षी हेच. याला दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

गावागावांत कामे वाटलेली असत. उराकामीत ‘चोकाता’ पंचांग सांभाळी, ‘मिझुकाता’ बाप्तिस्मा देई आणि ‘किकियाकु’ घरोघर निरोप पोचवी. मारियेची मूर्ती म्हणून चिनी मातीची, मांडीवर मूल असलेली कान्नोन (करुणेची बौद्ध देवता) चाले. घरात कोणी गेले की बौद्ध भिक्षूला बोलवावेच लागे. तो सूत्रपठण करत असताना आडोशाला बसून काही जण ‘सूत्र पुसण्याची’ वेगळी प्रार्थना पुटपुटत. इकित्सुकीत बाप्तिस्म्याचे पाणी नाकाएनोशिमा या निर्जन बेटावरून आणत; तिथे पूर्वी ख्रिस्ती लोकांना ठार मारले होते. खडकाच्या भेगेतून झिरपणारा थेंब गवताच्या काडीवरून बाटलीत उतरवायचा आणि तो उतरेपर्यंत प्रार्थना म्हणत राहायचे. प्रार्थनांना ‘ओराशो’ म्हणतात. मूळ शब्द लॅटिन. सोतोमे आणि गोतोत त्या मनातल्या मनात म्हणत, इकित्सुकीत मोठ्याने. म्हणणाऱ्यांना अर्थ कळत नसे, पण संगीत-अभ्यासक मिनागावा तात्सुओ यांनी त्यांतल्या ‘गुरुयोझा’ या गायनाचा माग काढला, तेव्हा ते सोळाव्या शतकातले इबेरियन मारियास्तोत्र निघाले.

सोतोमेत बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाची परंपरा सांगितली जाते. सात पिढ्यांनंतर काळ्या जहाजांतून पापकबुली ऐकणारे येतील, असे भाकीत त्याच्या नावावर आहे. त्याच्या मृत्यूचा काळ १६५०च्या दशकाच्या उत्तरार्धात धरतात. भाकिताचे शब्द नेमके केव्हा पक्के झाले याविषयी सावध राहणे बरे. त्याने घालून दिलेले १६३४ च्या पंचांगाचे गणित मात्र गावोगाव वापरात होते.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओऊरा चर्चमध्ये उराकामीचे १२ ते १५ लोक आले. वर उल्लेखिलेल्या २६ संतांना अर्पण केलेले, अर्थात वसईच्या गोन्सालोच्याही नावाचे हे चर्च महिन्याभरापूर्वीच खुले झाले होते. एक बाई फादर बेर्नार पतीजाँ यांच्या कानाशी येऊन म्हणाली, “आमचे हृदय आणि तुमचे हृदय एकच आहे,” आणि सांता मारियेची मूर्ती कुठे आहे असे तिने विचारले. आज ‘दुःखाच्या दिवसां’तला सतरावा दिवस, असेही त्या लोकांनी सांगितले. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाचा पहिला दिवस, १ मार्चला होता. धर्मगुरूंशिवाय दोन शतके काढूनही उपासकाळाचा दिवस बरोबर जुळला होता.

यानंतर सुटका झाली नाही. १८६७ मध्ये उराकामीत धरपकड झाली आणि नव्या मेइजी सरकारने १८६८–७० मध्ये गावातल्या सुमारे ३,४०० लोकांना देशभर हद्दपार केले. त्यांपैकी ६०० हून अधिक लोक परमुलखात मेले. त्सुवानो येथे माणसांना उभेही राहता येणार नाही अशा तीन शाकूंच्या (सुमारे तीन फूट) पिंजऱ्यात कोंडत आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यात उतरवत. परदेशी सरकारांच्या निषेधानंतर फेब्रुवारी १८७३ मध्ये बंदीचे फलक खाली उतरवण्यात आले. परतलेल्यांनी या सगळ्याला साधा शब्द वापरला: ‘ताबी’, म्हणजे प्रवास. जिथे ए-फुमी होई ती गावमुखियाच्या वाड्याची जागा त्यांनी १८८० मध्ये विकत घेतली आणि तिथे पुढे उराकामीचे कॅथीड्रल उभे राहिले. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने ते पाडले. तिथल्या सुमारे १२,००० ख्रिस्ती लोकांपैकी ८,५०० च्या आसपास मृत्युमुखी पडले.

बंदी उठल्यावर मोठा गट कॅथलिक चर्चमध्ये परतला. बाकीच्यांनी आजी-आजोबांनी शिकवलेली रीत सोडली नाही. हे गट विसाव्या शतकात झपाट्याने घटले. आज ओराशो मुख्यतः इकित्सुकीत मोजक्या वृद्धांच्या तोंडून ऐकू येते. २०१८ मध्ये नागासाकी परिसरातल्या १२ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.