चिकटला म्हणजे शिरला नव्हे

सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलींच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांमध्ये दरवर्षी एक वाक्य मी लाल पेनने खोडते: 'विषाणू रक्तपेशींशी एकरूप होऊन त्यांचं जाळं तयार करतो.' जाळं होतं, हे खरं. पण प्रयोगाच्या प्लेटवर जे दिसतं ते एकरूप होणं नव्हे, नुसतं चिकटणं आहे.

प्रयोग साधाच. कोंबड्यांना राणीखेत होऊ नये म्हणून जी जिवंत लस देतात, ती पोल्ट्रीच्या औषधांच्या दुकानात मिळते. ती सलाइनमध्ये विरघळवायची, प्लेटच्या एकेका खड्ड्यात निम्मी निम्मी पातळ करत न्यायची आणि वर कोंबडीच्या धुतलेल्या तांबड्या पेशी सोडायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने जिथे विषाणू पुरेसा असतो तिथे पेशी जाळ्यात अडकून तळाशी फिकट गुलाबी चादर पसरते. जिथे नसतो तिथे पेशी घरंगळत मधोमध जमतात आणि ठसठशीत लाल ठिपका होतो. आम्ही त्याला बटण म्हणायचो, आताच्या मुली टिकली म्हणतात. टिकलीच बरी.

गेल्या पावसाळ्यात मुलींची एक बॅच प्लेट तशीच टेबलावर ठेवून चहाला गेली आणि बाहेर पाऊस म्हणून तिथेच रमली. परत येऊन बघतात तर सगळीकडे टिकल्या. "मॅडम, लस खराब निघाली." लस उत्तम होती. राणीखेतचा विषाणू पेशीवरच्या सियालिक अ‍ॅसिड या साखरेला ज्या एचएन नावाच्या प्रथिनाने धरतो, तेच प्रथिन ते अ‍ॅसिड कापूनही टाकतं. धरलं, कापलं, सुटलं. पेशी मोकळ्या झाल्या आणि खाली घरंगळल्या. म्हणूनच वेळेत वाचता येणार नसेल तर प्लेट फ्रिजमध्ये ठेवा म्हणते. थंडीत कापाकापी मंदावते.

चिकटणं असं मागे घेता येतं. मिसळण्याला माघार नाही.

मिसळणं बघायचं तर मिसळच मागवा. कुठली चांगली हा वाद इथे नको. तर्रीवर तेलाचे दोन थेंब शेजारी शेजारी तरंगत असतात, एकमेकांना टेकलेले, तरी दोनच. चमच्याच्या टोकाने जरा ढोसलं की एकदम एकच मोठा थेंब. विषाणूभोवतीचं पटल, म्हणजे पातळ आवरण, आणि पेशीचं पटल यांचं शेवटी असंच होतं. फक्त पटलं तेलाइतकी उतावीळ नसतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला पाणी घट्ट धरून ठेवलेलं असतं, ते हटवून दोघांना भिडवायला चांगलाच जोर लागतो. विषाणूकडे ना इंजिन ना इंधन. मग जोर आणायचा कुठून?

तो प्रथिनाच्या घडीतच भरून ठेवलेला असतो. राणीखेतमध्ये हे काम एफ नावाचं वेगळंच प्रथिन करतं. उंदराचा सापळा ताणून खटका लावून ठेवावा, तसं ते विषाणूच्या अंगावर उभं असतं. एचएनने पेशी धरली की खटका सुटतो. एफ लांब होतं, त्याचं पाण्याला बुजणारं टोक समोरच्या पटलात रुततं. दुसरं टोक विषाणूच्या पटलात रोवलेलं असतंच. मग ते केसांच्या आकड्यासारखं मधोमध दुमडतं आणि दोन्ही पटलं एकमेकांवर ओढली जातात. आधी बाहेरचे थर एक होतात, मग आतले, मग भोक पडतं आणि विषाणूचा आरएनए पेशीत उतरतो.

पण हा सापळा तयार होतो तो एफची साखळी एका जागी कापली गेल्यावरच, आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे आहे. लासोटा या लसीच्या वाणात ती जागा अशी असते की श्वासमार्गातली आणि आतड्यातली मोजकीच एन्झाइम्स ती कापू शकतात. जीवघेण्या वाणांत तिथे आर्जिनीन-लायसीन या अमिनो आम्लांची गर्दी असते. ती फ्युरिन या एन्झाइमला चालते, आणि फ्युरिन जवळजवळ सगळ्या पेशींत असतं. म्हणून तो विषाणू अंगभर पसरतो. आमच्या प्लेटवर मात्र दोघेही सारखीच गुलाबी चादर अंथरतात. चिकटण्यावरून मारक कोण, हे कळत नाही.

फ्लूने ही दोन्ही कामं एकाच प्रथिनात बसवली, म्हणून घोळ आणखी वाढतो. २००९ मध्ये पुण्याला मास्क बांधायला लावणाऱ्या एच१एन१ मधला 'एच' म्हणजे हेमॅग्लुटिनिन, शब्दशः रक्त चिकटवणारं. नाव अर्ध्याच कामाचं! शेंड्याकडचा भाग चिकटतो, देठाकडचा भाग पटलं मिसळवतो. इथे खटका धरण्याने सुटत नाही. पेशी विषाणूला पिशवीत घालून आत घेते, पिशवी आंबट होत जाते, पीएच पाच-साडेपाचला आला की देठ उसळतो. समोर पटल नसतानाच आम्ल लागलं तर खटका फुकट सुटतो आणि विषाणू निकामी होतो.

कोरोनाच्या स्पाइकमध्येही चिकटणारा भाग वर आणि मिसळवणारा खाली. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या दोन लसींत इथे फरक आहे. कोव्हिशील्डमध्ये स्पाइकचा खटका मूळचाच आहे. कोव्होव्हॅक्समध्ये दोन जागी प्रोलीन हे ताठ अमिनो आम्ल बसवून प्रथिन उसळण्याआधीच्या रूपात अडकवून ठेवलं आहे, म्हणजे शरीराला ओळख होते ती ताणलेल्या सापळ्याची, सुटून गेलेल्याची नाही.

फ्लूच्या लसीनंतर अँटिबॉडी किती आल्या हे मोजायला आजही बहुधा आमच्या प्रयोगाचाच भाऊबंद वापरतात: रक्तद्राव घातल्यावर चादरीची टिकली होते का, ते पाहायचं. शेंडा झाकणाऱ्या अँटिबॉडी लगेच सापडतात. देठाला धरून बसणाऱ्या अँटिबॉडी विषाणूला खुशाल चिकटू देतात, पण मिसळू देत नाहीत. त्यांच्या खड्ड्यात गुलाबी चादर जशीच्या तशी राहते आणि निकालात आपण लिहितो, अँटिबॉडी नाहीत.