रायगडावर जाताना: निघण्याआधी एकदा वाचाच

रायगड म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पायऱ्या किती?" चौदाशेच्या वर आहेत. पण दिवसाचं गणित पायऱ्यांमुळे क्वचितच बिघडतं. ते बिघडतं वरच्या चालण्याचा वेळ धरलेला नसल्यामुळे. राजवाडा, बाजारपेठ, जगदीश्वराचं मंदिर आणि टकमक टोक एवढंच पाहायचं म्हटलं तरी साडेतीन-चार तास लागतात. रोपवे चार-पाच मिनिटांत वर सोडतो, पण हे चार तास त्यानं वाचत नाहीत. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी रोपवेचं बुकिंग करताना हे लक्षात असू द्या. रोपवेचा पाळणा सोडला की उरलेलं सगळं पायीच.

पायी की रोपवे?

जमत असेल तर चढताना पायी जा, उतरताना रोपवे घ्या. पाळणा मेणा दरवाजाच्या बाजूला, राणीवशाजवळ पोचतो, त्यामुळे दोन्ही वेळा रोपवेनं गेलेल्यांचा महादरवाजा हुकतो. गडाच्या बांधणीतली खरी अक्कल तिथंच दिसते. दोन बुलंद बुरुजांच्या आड दरवाजा असा वळवून बसवलाय, की अगदी जवळ जाईपर्यंत तो नजरेस पडत नाही. शिवाय पायऱ्यांची उंची सारखी नसल्यानं उतरतानाच गुडघ्यांना जास्त हिसके बसतात.

चित दरवाजापासून महादरवाजामार्गे माथ्यावर यायला दीड ते अडीच तास धरा. सकाळी सहा-साडेसहाला चढायला लागलात तर ऊन तापायच्या आत वर असाल. रोपवेचं खालचं स्टेशन हिरकणीवाडीत आहे, चित दरवाजापाशी नाही. गाडी तिकडे आणून ठेवायला चालकाला सकाळीच सांगा. वरून फोन लागेल याची खात्री नसते. सुट्टीच्या दिवशी रोपवेची रांग फार लांबते आणि जोराचा वारा किंवा विजा असतील तर तो बंदही ठेवतात. म्हणून परतीचं तिकीट हातात असलं तरी पायी उतरण्याइतका दिवसाचा उजेड हाताशी ठेवा.

वर कुठून कुठे

गंगासागरावरून पालखी दरवाजा, राणीवसा, मग राजसदर. गर्दी व्हायच्या आत सदरेवर पोचलात तर एक गोष्ट जरूर करून पाहा. एकानं नगारखान्यापाशी उभं राहून कागद फाडायचा, बाकीच्यांनी सिंहासनाच्या जागेजवळ कान द्यायचा. गलका असेल तर काहीच कळत नाही, म्हणूनच आमच्या सहलीत आम्ही लवकर निघायचा आग्रह धरतो. पुढे होळीचा माळ, शिरकाई देवीचं मंदिर आणि बाजारपेठेच्या दोन रांगा ओलांडून जगदीश्वर. हिरोजी इंदुलकरांनी गड बांधला. "सेवेचे ठायी तत्पर" अशी अक्षरं असलेली त्यांची पायरी मंदिराशी आहे, ती नकळत ओलांडू नका. पूर्वेच्या दरवाजासमोरचा अष्टकोनी चौथरा ही महाराजांची समाधी. टकमक शेवटी ठेवा, आणि पाय दमले असतील तर खुशाल गाळा. टोकाकडची वाट चिंचोळी आहे, वारा अंगाला ढकलतो. लहान मुलांचा हात सोडू नका, उडालेल्या टोपीमागे धावू नका.

सोबत काय

पाणी माणशी दोन लिटर. मार्च ते मेमध्ये तीन, कारण माथ्यावर सावली जवळजवळ नाहीच. खाणं पिशवीत लोंबकळवू नका, माकडं ओढतात. सॅकमध्ये, चेन लावून. बरेच महिने कपाटात पडलेले बूट आधी दोन दिवस घालून फिरा. सोलचा गोंद वाळून सुटतो आणि सोल नेमका उतारावर उलगडतो. अत्तर, डिओ टाळा, वर बिडी-सिगारेट नको: कड्यांवर आग्या मोहोळं असतात, वासानं आणि धुरानं माश्या उठतात. रेंज शोधण्यात फोनची बॅटरी संपते, तेव्हा तो विमान मोडवर ठेवा. ऑनलाइन पैसे गेले नाहीत तर अडायला नको म्हणून थोडी रोकड हवी. गड पुरातत्त्व खात्याकडे आहे. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचं. पावसाळ्यात गड देखणा दिसतो खरा, पण धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय ठरत नाही. जुलै 2024 मध्ये ढगफुटीसारख्या पावसात या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे आले आणि पर्यटक अडकले. जोराच्या पावसाचा इशारा असेल त्या दिवशीची सहल आम्ही पुढे ढकलतो. 6 जून आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे राज्याभिषेकाची तारीख आणि तिथी: सोहळा अनुभवायचा असेल तर याच दिवशी या. वास्तू नीट पाहायच्या असतील तर हे दोन दिवस आणि त्यांच्या मागचेपुढचे सोडा.

उतरल्यावर तास-दीड तास हाताशी असेल तर पाचाडला थांबू. जिजाऊंची समाधी आणि वाड्याचे अवशेष महाडच्या रस्त्यावरच आहेत, फार चढउतारही नाही. गडावर न गेलेल्या मंडळींनाही तिथं सहज नेता येतं.