अमृता शेरगिलला ‘भारताची फ्रिडा’ म्हणू नका

अमृता शेरगिलचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “म्हणजे आपली फ्रिडा काहलोच की!” ऐकून ऐकून कान किटले.

साम्य आहेच. आपली अमृता आणि मेक्सिकोची फ्रिडा, दोघी चित्रकर्ती; दोघींच्या घरात एकेक पालक युरोपातला, दोघींचे वडील कॅमेरावेडे (अमृताचे हौशी, फ्रिडाचे पोटापाण्यासाठी), दोघीही लवकर गेल्या. अमृताचं बाकी आपल्याला ठाऊक आहे: बुडापेस्ट, पॅरिस, सिमला, अजिंठा, आणि 1941 साली लाहोरात वयाच्या 28व्या वर्षी मृत्यू. ते सोडून देऊ.

घोळ होतो तो आत्मचित्रांपाशी. अमृताची बहुतेक आत्मचित्रं पॅरिसमधल्या दिवसांतली. त्यांत ती वेगवेगळी सोंगं घेऊन बघते. 1934च्या ‘ताहितीयन’मध्ये तर फ्रेंच चित्रकार गोगँच्या चित्रांतल्या ताहिती बेटावरच्या बायकांची ढब तिने सरळ स्वतःच्या अंगावर चढवली. भारतात परतल्यावर तिचा ब्रश वळला दुसऱ्यांकडे. ‘तीन मुली’मधली उदासी त्या मुलींची आहे, चित्रकर्ती समोर उभी राहून बघतेय.

फ्रिडाला असं समोर उभं राहायची सोयच नव्हती. 17 सप्टेंबर 1925 रोजी मेक्सिको सिटीत तिच्या बसला ट्रामने धडक दिली. लोखंडी कठडा ओटीपोटात घुसला, मणका मोडला. वय 18. अंथरुणाला खिळलेल्या लेकीसाठी आईने पडूनही रंगवता येईल असा ईझल (चित्र टेकवायची चौकट) करून घेतला आणि पलंगाच्या वर आरसा बसवला. पडल्या पडल्या समोर कोण दिसणार?

फ्रिडाचं ‘मोडका खांब’ (1944) हे आत्मचित्र जवळून बघा. धड मधोमध उभं फाटलेलं, कण्याच्या जागी ठिकठिकाणी तुटलेला ग्रीक खांब, सगळं पांढऱ्या पट्ट्यांनी आवळून धरलेलं. अंगभर खिळे, अगदी गालावरसुद्धा. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण ओठ जराही वाकडा झालेला नाही. पंचनामा लिहावा तसं तिने ते दुखणं रंगवलंय. म्हणून ‘सररिअलिस्ट’, म्हणजे स्वप्नातल्यासारखी अतर्क्य दृश्यं रंगवणारी, हा शिक्काही मला खटकतो; तो तिलाही मान्य नव्हता. आणि तिचा गजरा नि भुवया छापून विकल्या जाणाऱ्या त्या कापडी पिशव्यांबद्दल तर बोलायलाच नको.

खात्री करायची तर मनातल्या मनात चेहरे बदलून बघा. ‘ताहितीयन’मध्ये दुसरी कुणी बाई बसवली तरी गोगँशी चाललेला तो संवाद पुरता तुटत नाही. ‘मोडका खांब’मध्ये दुसऱ्या कुणाला बसवणार? तो कणाच तिचा आहे.