सेटलमेंट, सोलापूर : विमुक्त जातींचे चित्रण

ब्रिटिश अमलात ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्या आणि पुढे त्या शिक्क्यातून सुटल्यावर ‘विमुक्त’ म्हटल्या गेलेल्या समाजांसाठी सोलापुरात उभारलेली तारेच्या कुंपणातील वसाहत, आणि तिच्या अनुषंगाने सरकारी लेखन, वृत्तपत्रे व साहित्य यांतून झालेले या समाजांचे चित्रण. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानात लागू होता; १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही अमलात आला. कैकाडी, टकारी, पारधी, मांग-गारुडी आदी समाजांची कुटुंबे सोलापूरच्या कुंपणाआड आणली गेली. हजेरी आणि बाहेर जाण्यासाठी पास ही तेथील रीत होती, आणि अनेकांना कापडगिरण्यांत कामाला लावले जाई.

या समाजांची प्रतिमा मात्र कुंपणाआधीच कागदावर तयार झाली होती. १८८४ च्या सोलापूर जिल्हा गॅझेटियरमध्ये जातवार वर्णने आहेत. १९०८ मध्ये केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर लिहिलेल्या पुस्तकात प्रत्येक समाजाची ओळख त्याच्या कथित गुन्हापद्धतीवरून करून दिली आहे. पोलिसांच्या कामासाठी केलेली ही टिपणे पुढे समाजवर्णन म्हणून वाचली गेली, हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. टकारी हे नाव जात्याला टाकी लावण्याच्या कामावरून आले, असे सामान्यतः मानले जाते: झिजून गुळगुळीत झालेल्या तळीवर छिन्नीने बारीक घाव घालत गेले की पीठ पुन्हा नीट पडू लागते. कैकाडी फोकांच्या कणग्या आणि टोपल्या विणत. गिरणीच्या दळणाने आणि पत्र्याच्या डब्यांनी हे धंदे बसले, ही बाजू पोलिसी वर्णनांत क्वचितच दिसते. ‘भामटा’ हे जातिनाम आणि ‘लबाड’ हा अर्थ यांतले आधीचे कोणते, याविषयी मतभेद संभवतात. तथापि ठकवणुकीच्या बातमीच्या मथळ्यात हा शब्द आजही सर्रास येतो आणि सरकारी यादीत तेच एका विमुक्त जातीचे नाव आहे.

मुक्ततेच्या तारखेबाबत कथने जुळत नाहीत. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, तर केंद्रीय पातळीवर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन मानतात. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन सेटलमेंटचे तारेचे कुंपण तोडले, ही आठवण समाजात आदराने सांगितली जाते. काही कथनांत हा प्रसंग १९५२ चा, तर काहींत १९६० चा आहे. १९५२ हे साल कायदा रद्द झाल्याच्या सालाशी एकरूप होऊन आठवणीत शिरले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रसंगाचे साल कोणतेही असो, कागदोपत्री सुटकेनंतरही कुंपण मनातून गेले नव्हते, हेच ही आठवण सांगते. १९५९ च्या सराईत गुन्हेगार कायद्याने कुंपणाची भीती पुन्हा जागी केली.

या समाजांची स्वतःच्या शब्दांतली मांडणी मराठीत १९८० नंतर ठळक झाली. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाने (१९८७) ‘उचल्या’ हा हिणवणीचा शब्दच शीर्षक म्हणून घेतला. १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वर्गीकरण अद्याप विस्कळीत आहे: फासेपारधी अनुसूचित जमातींत, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींत मोडतात. कैकाडी बोली द्राविड कुळातील आहे. या समाजांच्या मौखिक कथांचे संकलन त्रोटक आहे. शहरातील वस्त्यांना आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असेच म्हणतात.