निवृत्तीनंतरची थकबाकी: नागपुरात मॅटकडे दाद कशी मागायची?

राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालात आणि ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण (पेन्शनच्या काही भागाऐवजी मिळणारी एकरकमी रक्कम) किंवा पेन्शन अडकून पडलं, तर आधी फाइल कुठे आहे ते शोधा. विदर्भातली पेन्शन प्रकरणं नागपूरच्या महालेखाकार कार्यालयात मंजूर होतात. तिथून आक्षेप लागून प्रकरण परत येतं आणि आपल्याच आस्थापना शाखेत पडून राहतं, असं फार वेळा घडतं.

मग कार्यालयप्रमुखाला लेखी निवेदन द्या. तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्याच. साहेबांच्या तोंडी आश्वासनाला पुढे काही किंमत नाही. सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर त्यानंतरच्या एका वर्षात राज्य कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, म्हणजे मॅटच्या, सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर खंडपीठात मूळ अर्ज दाखल करता येतो. लेखी नकार आला तर त्या तारखेपासून एक वर्ष. पुन्हा पुन्हा निवेदनं देऊन ही मुदत वाढत नाही, आणि चांगली प्रकरणं इथेच हातची जातात. उशीर झालाच असेल तर सबळ कारणासह विलंब माफीचा अर्ज जोडा. वकील सक्तीचा नाही.

जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करायची.

सोबत जोडायला सेवानिवृत्तीचा आदेश, सेवापुस्तकाची प्रत, अंतिम वेतन प्रमाणपत्र, ना देय (काही येणं बाकी नाही) व ना चौकशी (चौकशी सुरू नाही) प्रमाणपत्रं आणि पोच असलेली निवेदनं लागतात. सेवापुस्तकाची प्रत देत नसतील तर माहिती अधिकारात मागा.

सगळ्यात जास्त त्रास वसुलीचा. वेतननिश्चिती चुकली होती असं वेतन पडताळणी पथक निवृत्तीच्या तोंडावर सांगतं आणि ग्रॅच्युइटीतून रक्कम कापली जाते. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गट क आणि गट ड कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्तांकडून अशी वसुली नामंजूर केली. चूक कार्यालयाची असताना म्हातारपणी तिची भरपाई कर्मचाऱ्याने का करावी? मात्र जादा रक्कम परत करण्याचं हमीपत्र वेतननिश्चितीच्या वेळी दिलं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्याच 2016 च्या निकालामुळे बाजू कमकुवत होते. ते हमीपत्र सेवापुस्तकात आहे का, कधीचं आहे, हे आधी बघा.

अर्जात व्याजही मागा. 1982 च्या पेन्शन नियमांतील नियम 129-अ प्रमाणे प्रशासकीय दिरंगाईमुळे ग्रॅच्युइटी तीन महिन्यांपेक्षा जास्त रखडली, तर पुढच्या काळाचं व्याज देय होतं. विभागीय चौकशी सुरू असेल तर ग्रॅच्युइटी थांबते, पण तात्पुरती पेन्शन नियम 130 प्रमाणे मिळते.